गाडी येण्याआधी जमीन कोणाची होती

माझी आत्या गिरगावात राहते. मुख्य रस्ता सोडून दोन वळणं आत गेलं की तिची चाळ लागते. दीड खोली, समोर लांब सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. २०२५च्या ऑक्टोबरात मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा सुरू झाला, काळबादेवी आणि गिरगाव ही दोन भुयारी स्टेशनं उघडली आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी वांद्रे-कुर्ला संकुलातून गाडीत बसून तिच्याकडे गेलो. एरवी या प्रवासात शर्ट घामाने भिजायचा. या वेळी तिच्या दारात पोचलो तेव्हा इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. भुयाराचं काम चालू होतं त्या वर्षांत तिच्या फडताळातले पेले रात्री किणकिणायचे. उठून ती त्यांच्यामध्ये फडकी कोंबून ठेवायची. ती फडकी अजून तिथेच होती.

चहा टाकता टाकता ती म्हणाली, "तिघं जण येऊन गेले रे. खोली द्यायची का विचारत होते."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? खोली माझी थोडीच आहे? भाड्याची. पावतीवर अजून मामंजींचं नाव."

तिचे मामंजी, म्हणजे तिचे सासरे, जाऊन चाळीस वर्षं झाली. घरमालकाची तिसरी पिढी आता मुंबईत राहतही नाही. घराखालून देशातल्या सर्वांत महागड्या भुयारी रेल्वेंपैकी एक धावू लागली, घराची किंमत वाढली हे तिला ठाऊक आहे, आणि ती वाढ नेमकी कोणाची हे मात्र या चाळीत कोणालाच सांगता येत नाही. परत येताना गाडीत मी त्याच प्रश्नाशी अडलो होतो. या शहराच्या पोटातून नवी गाडी पहिल्यांदा धावत नव्हती. दीडशे वर्षांत हे तीन-चार वेळा झालं आहे. प्रत्येक वेळी गाडी कुठून गेली यापेक्षा, ती येण्याआधी तिथली जमीन कोणाच्या हातात होती यावर पुढचं सगळं ठरलं, असं मला वाटतं. ती हकिकत सांगायची आहे.

आगगाडीपासून सुरुवात करायची, पण तिच्याजवळ फार थांबायचं कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, तीन इंजिनं. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ या रेल्वे कंपनीच्या पहिल्या संचालकांपैकी होते आणि राहणारे गिरगावचेच. ही गाडी मुंबईकरांना कामावर नेण्यासाठी आली नव्हती. घाटावरचा कापूस बंदरात आणणं हे तिचं काम. त्यामुळे रूळ वस्तीत न शिरता कडेकडेने भायखळा, दादरकडे गेले. पश्चिमेकडची बीबीसीआय कंपनीची गाडी नंतर आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू झाली. तिच्या रुळांखालच्या जमिनीचीही एक कथा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या कैफात समुद्र भरून जमीन विकण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, बॅक बेची कंपनी बुडाली. मागे उरली ती किनाऱ्यालगत भरलेली चिंचोळी पट्टी. तिच्यावरून रूळ गेले आणि गिरगावच्या घरांमध्ये आणि समुद्रामध्ये लोखंडी कुंपण उभं राहिलं.

गिरगाव तेव्हा माडांचं होतं. अजूनही तिथल्या नावांतून ते डोकावतं. खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी. वाडी म्हणजे इमारतींचं आवार हा अर्थ नंतर आला, आधी ती खरोखरची वाडी होती. मुगभाट, बोरभाट यांतलं 'भाट' म्हणजेही माडांची बागच. या वाड्या एकेका कुटुंबाच्या मालकीच्या होत्या, आणि माड काढून तिथे चाळ बांधायची की नाही हे ते कुटुंब ठरवायचं. त्यांनी ते कधी ठरवलं, याच्याशी ट्रामचा फार जवळचा संबंध आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. अमेरिकन भागीदारांनी उभ्या केलेल्या या धंद्याच्या कुलाब्याच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. आज तिथे बेस्टचं इलेक्ट्रिक हाउस आहे. भाडं आधी तीन आणे होतं, मग दोन झालं, आणि १८९९मध्ये एक आणा.

रुळांवरचं चाक मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच्या चाकापेक्षा कितीतरी कमी जोराने ओढलं जातं. त्यामुळे जी जोडी व्हिक्टोरिया बग्गीत चार माणसं ओढायची, तीच जोडी ट्रामच्या डब्यात त्याच्या कित्येक पट माणसं ओढू लागली. भाडं आण्यावर आलं ते यामुळे. आणि भाडं आण्यावर आलं म्हणून फोर्टातल्या ऑफिसात किंवा गोदीत लेखणी चालवणारा कारकून काळबादेवी, गिरगाव, भायखळा या भागांत बिऱ्हाड करू शकला. आगगाडीचं स्टेशन एका ठिकाणी असतं, त्यामुळे जमिनीची किंमत त्या स्टेशनभोवती वाढते. ट्राम थोड्या थोड्या अंतरावर थांबायची, म्हणून ती ज्या रस्त्याने गेली त्या अख्ख्या रस्त्याची दर्शनी बाजू महाग झाली. गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारतींची रचना आजही नीट पाहा. रस्त्याच्या बाजूला अरुंद दुकानं, त्यांवर जरा बऱ्या खोल्या, मधून एक बोळ, आणि बोळाने आत गेलं की मागे मागे तीन-चार मजली चाळ, जिच्या खोल्यांत दुपारीही दिवा लावावा लागतो. ट्रामच्या रस्त्यावर तोंड काढायला जेवढी जागा मिळाली तेवढी घ्यायची, आणि मागची वाडी शक्य तितकी भरून टाकायची, असं हे गणित. ट्रामने आणलेली किंमत वाडीच्या मालकाच्या हातात गेली. ती त्याने भाड्याच्या रूपाने वसूल केली, आणि प्रत्येक खोलीत किती माणसं राहतात याची चौकशी केली नाही.

गिरणीकामगाराला मात्र ट्राम परवडत नव्हती. दिवसाचे दोन आणे येण्याजाण्यात घालवणं त्याच्या पगारात बसत नव्हतं. म्हणून तो भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचा. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या चाळी गिरण्यांना चिकटून उभ्या आहेत त्या यामुळे. मुंबईत ट्रामने पांढरपेशा वस्ती पसरली, आणि त्याच वेळी पायी चालणारी वस्ती आणखी दाटली. दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात.

ही दाटी किती झाली होती ते १८९६मध्ये कळलं. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली, आणि गेली ती त्याच आगगाडीने, कोकणच्या बोटींनी, मिळेल त्या वाटेने. गिरण्या ओस पडल्या. सरकार घाबरलं ते माणसांच्या मरणाने किती आणि व्यापार थांबल्यामुळे किती हे सांगणं कठीण आहे, पण दोनच वर्षांत, १८९८मध्ये, कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्त्या फोडायच्या, त्यांतून समुद्राचा वारा आत यावा असे रुंद रस्ते काढायचे, गरिबांसाठी घरं बांधायची आणि उत्तरेला नवी जमीन वसवायची, ही त्याची कामं.

ट्रस्टने दोन प्रकारची कामं केली आणि त्यांचे निकाल अगदी वेगवेगळे लागले. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा गाभा तिथे आहे.

पहिला प्रकार शहराच्या पोटातला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग), पुढे मोहम्मद अली रोड. इथे जमीन आधीच महाग झालेली, आणि ती महाग करण्यात ट्रामचा मोठा हात. ट्रस्टने संपादनाची नोटीस काढली की मालक वर्षानुवर्षांच्या भाड्याचा हिशेब पुढे करून भरपाई मागायचा, आणि भाडं जितकं जास्त तितकी भरपाई जास्त. म्हणजे ज्या इमारतीत माणसं कोंबून भरली होती, तिचीच किंमत सर्वांत जास्त ठरायची. लवादासमोर खटले चालले, ट्रस्टचा पैसा त्यात आटला. रस्ते झाले, सुंदर झाले, त्यांवर ट्रामचे रूळही आले. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहिले. पहिल्या दहा वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त होत्या. ज्या बांधल्या त्या बीआयटी चाळी आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव, परळ इथे आजही उभ्या आहेत. परळच्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत.

दुसरा प्रकार दादर-माटुंग्याचा.

मुंबईच्या उत्तर टोकाला तेव्हा भातशेतं, माड, वाड्या, मधेमधे गावठाणं. ट्रस्टने ही जमीन, शेकडो एकर, शेताच्या भावात घेतली. दोन्ही रेल्वे कंपन्यांचे रूळ दादरला जवळजवळ येत असले तरी फोर्टातल्या कारकुनाच्या दृष्टीने हा भाग जंगलच होता. आणि नेमकं त्याच सुमाराला ट्राम बदलली. १९०५मध्ये नव्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीशी नगरपालिकेचा करार झाला, जुन्या ट्राम कंपनीला ९८ लाख ५० हजार रुपये देऊन तिचा कारभार ताब्यात घेण्यात आला आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. घोड्याला दमायला होतं, चढावर जादा जोडी लागायची. विजेला हे काही नव्हतं. तारा जिथपर्यंत जातील तिथपर्यंत ट्राम जाऊ शकत होती. तिचं एक टोक दादरला जाऊन टेकलं. खोदादाद सर्कलला आजही लोक दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. टॅक्सीवाल्याला "टीटीला सोड" म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ट्राम पाहिलेली नसते, पण शब्द अजून रुळांवरून उतरलेला नाही.

इथे क्रम नीट पाहायला हवा. जमीन आधी सार्वजनिक मालकीची झाली. मग रस्ते आखले, गटारं टाकली. किंग्जवे, म्हणजे आताचा डॉ. आंबेडकर रोड, इतका रुंद ठेवला की मधून ट्रामचे रूळ आणि दोन्हीकडून गाड्या सहज जाव्यात. त्यानंतर भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. ट्राम आल्यामुळे दादरच्या जमिनीची किंमत चढली तेव्हा ती चढती किंमत ट्रस्टच्या हातात होती. आणि जमीन आपली असल्यामुळे तिच्यावर काय बांधायचं हेही ट्रस्ट ठरवू शकला. ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा यांचा अक्षरशः ध्यास घेतला होता. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांनी लावून धरला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून वर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेष काढली, तर समोरच्या इमारतीचा माथा तिच्या वर येता कामा नये. सोप्या भाषेत, मधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असलीच पाहिजे. हिंदू कॉलनीच्या पहिल्या गल्लीत, दुसऱ्या गल्लीत, सकाळी नऊ वाजता उभं राहून पाहा. तळमजल्याच्या खिडकीतही उजेड येतो. तो उजेड या कोनाचा आहे.

त्याच योजनेत ट्रस्टचेच एक इंजिनिअर, मंचेरजी एदलजी जोशी, यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. घरांच्या आधी त्यांनी झाडं लावली, रस्त्यागणिक वेगवेगळी. पाया खोदायच्या आधी सावलीचा विचार करणारा इंजिनिअर या शहराला लाभला होता, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. दादर पारशी कॉलनी आणि फाईव्ह गार्डन्समधून दुपारी बारा वाजता चालून पाहिलं की त्या माणसाची दूरदृष्टी डोक्यावर जाणवते. सायनकडे तर पत्तेच योजनेच्या नावाने चालतात. 'स्कीम सहा, रोड नंबर चोवीस' असं लिहिलेलं पाकीट आजही पोस्टमन बरोबर पोचवतो.

दादरचं कौतुक करताना एक गोष्ट दडवू नये. या भूखंडांवर राहायला आला तो पगारदार माणूस. वकील, शिक्षक, हेडक्लार्क, डॉक्टर. शहराच्या पोटात ज्याची खोली पाडली तो भाडेकरू इथे आला नाही, त्याला येणं शक्यच नव्हतं. आणि भाडेपट्ट्यांची मुदत इतकी लांब ठेवली की पुढे रुपयाची किंमत घसरत गेली तसं ते भाडं नाममात्र उरलं. १९३३मध्ये ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. ज्या हातांनी किंमत वाढवली होती, त्यांनी ती वाढ पुढच्या पिढ्यांसाठी गोळा करायची सोय मात्र केली नव्हती.

तरीही दादरने एका मराठी पिढीचं आयुष्य बदललं, आणि त्याआधी गावदेवीनेही. १९१५मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली, देशातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहसंस्थांपैकी एक. घरमालकाकडून भाड्याने खोली घेण्याऐवजी पगारदारांनी एकत्र येऊन जमीन घ्यायची आणि आपलं आपण बांधायचं, ही कल्पना तिथे रुजली. मग ती आगगाडीने उत्तरेला गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली. कोळशाच्या इंजिनाला थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून जवळजवळ स्टेशनं परवडत नाहीत. विजेच्या गाडीने ती अडचण संपवली. पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी ही एका तासाच्या आतली ठिकाणं झाली.

पु. ल. देशपांड्यांचं बालपण या स्थलांतराचा नकाशाच आहे. जन्म १९१९मध्ये गावदेवीत, मग जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत, मग पार्ल्यात. गिरगाव, लोकल, उपनगर. हजारो मराठी कुटुंबांनी हाच प्रवास केला. आजच्या भाषेत आपण त्यांना विस्थापित म्हणत नाही, कारण ती स्वतःच्या मनाने गेली, आणि जिथे गेली तिथे अंगण होतं, विहीर होती, तुळस होती. नवी गाडी माणसाला बाहेर ढकलते हे जितकं खरं, तितकंच ती त्याला मोकळा श्वास देते हेही खरं आहे. फरक पडतो तो त्याला जाण्या-न जाण्याची निवड असते की नाही याने.

त्याच काळात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, भक्कम. पण वरळीच्या चाळी कित्येक वर्षं अर्ध्या रिकाम्या राहिल्या. भाडं जास्त, गिरणीपासून अंतर जास्त, आणि तिथवर स्वस्तात पोचवणारं वाहन नाही. जमीन हातात होती, घरं तयार होती, गाडी नव्हती. नुसती घरं उभी करून वस्ती होत नाही, हा धडा वरळीने शिकवला.

कुलाब्याची कथा याच्या अगदी उलटी. बीबीसीआयची लाइन तेव्हा चर्चगेटच्याही पुढे कुलाब्यापर्यंत जायची. बॅक बे भरण्याच्या नव्या योजनेत तिथल्या जमिनीला भाव आला, आणि १९३०च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद करून लाइन चर्चगेटला तोडली. स्टेशन जमीन महाग करतं, आणि महाग झालेली जमीन शेवटी स्टेशनलाच गिळते. पंचाण्णव वर्षांनी मेट्रो तीनचं कफ परेड स्टेशन त्याच बाजूला उघडलं. गेलेली गाडी परत यायला शतकभर लागलं.

स्वातंत्र्यानंतरचं चित्र दोन कायद्यांनी घडवलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला होता, त्या वेळी ते आवश्यकच होतं. कायदा नसता तर माझ्या आत्याच्या सासऱ्यांना पहिल्याच वर्षी बिऱ्हाड हलवावं लागलं असतं. पण तो कित्येक दशकं उठलाच नाही. मालकाला दुरुस्तीएवढंही भाडं सुटेना, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. भाडेकरूला खोली विकता येईना, म्हणून पागडी जन्माला आली, कागदावर न येणारी रक्कम. घरं पडू लागली तेव्हा १९६९मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आलं, आणि १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लागणाऱ्या, ठरल्या. म्हणजे शहराच्या मध्यभागी, दोन रेल्वेंच्या मधोमध, जागेची किंमत वर्षानुवर्षं साचत राहिली आणि ती वापरायला कोणालाच मुभा नव्हती. धरणात पाणी भरत राहावं आणि दरवाजे गंजून बसावेत, तसं.

३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. माणसं दुतर्फा उभी होती. रस्ते मोटारींना हवे होते, म्हणून रुळांवर डांबर ओतलं. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम करताना ते रूळ पुन्हा दिसले, काळ्या दगडात रुतलेले, अजून सरळ.

गिरणगावात ही साचलेली किंमत सर्वांत आधी फुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग मोकळ्या जागांसाठी आणि काही सार्वजनिक घरांसाठी द्यायचा होता. २००१च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त गिरण्यांच्या मोकळ्या पडलेल्या जागेपुरता उरला. लोअर परळच्या चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. स्टेशनं मात्र कामगारांच्या काळातलीच राहिली, आणि तो कामगार तर बहुतांशी पायीच यायचा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पाऊस टाळायला माणसं थांबली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. जमिनीचा भाव ज्यांनी घेतला त्यांच्याकडून त्या पुलाचे पैसे कोणी मागितले नव्हते. हे लिहिताना आजही हात थबकतो.

आता मेट्रो तीन. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यांतली २६ जमिनीखाली, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. गिरगाव आणि काळबादेवीत स्टेशनासाठी इमारती हटवाव्या लागल्या, आणि तिथल्या कुटुंबांचं पुनर्वसन त्याच भागात नव्या इमारतींमध्ये करायचं ठरलं. ट्रस्टच्या काळाशी ताडून पाहिलं तर हे मोठं पाऊल आहे. तेव्हा पाडलेल्या खोलीच्या बदल्यात शेजारची गल्ली मिळायची, आता निदान करारात 'त्याच भागात' हे शब्द आहेत. त्या रहिवाशांनी बैठका घेतल्या, मोर्चे काढले, कागद वाचले, तेव्हा कुठे ते शब्द आले.

पण स्टेशनाच्या खड्ड्याबाहेरच्या चाळींचं काय? त्यांच्या किमतीही वाढल्याच. सरकार ती वाढ गोळा करतं ते घरखरेदीच्या मुद्रांक शुल्काबरोबर घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार लावून, २०२२पासून. हा अधिभार शहरात सगळीकडे सारखा. स्टेशनाच्या दाराशी घर घेणारा आणि मेट्रोपासून लांब एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी घर घेणारा, दोघांनाही तोच दर. ज्याला लाभ झाला त्याच्याकडून घ्यावं, हा साधा हिशेब त्यात नाही. दादरला ट्रस्टकडे जमीन होती, म्हणून त्याला हा प्रश्नच पडला नव्हता. गिरगावात जमीन मालकाची, खोली भाडेकरूची, चटईक्षेत्र सरकारचं आणि पैसा बिल्डरचा. चौघं एकत्र बसल्याशिवाय काही होत नाही, आणि चौघांत सर्वांत कमी कागद जिच्याकडे आहेत ती माझी आत्या.

त्या दिवशी मी तिला सांगितलं की आता भाडेकरूंची संस्था करा, पावती वारसाच्या नावावर करून घ्या, चाळीतल्या किती खोल्यांचे कागद पूर्ण आहेत याची यादी करा. घाईने सही करू नका. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंगळवार आहे. सिद्धिविनायकाला जायचं का, नव्या गाडीने?"

गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं ती गेली नव्हती. सरकत्या जिन्यापाशी थांबली, माझा दंड धरला, आणि पाऊल टाकलं. गाडीत बसल्यावर काचेवर हात ठेवून बाहेरच्या अंधाराकडे पाहत राहिली. तिच्या मामंजींना दादरला जायला ट्राम होती, ते तिला त्या ट्रामचे दिवस सांगायचे. ग्रँट रोड गेलं, मग नाना शंकरशेठांच्या नावाचं स्टेशन आलं, तेव्हा तिने ते नाव मोठ्याने वाचलं.

देवळात चप्पल काढताना तिने पिशवी माझ्या हातात दिली. फुलांची परडी असेल म्हणून मी उघडून पाहिली. आत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या भाड्याच्या पावत्या होत्या, १९५१पासूनच्या. घर बंद करून निघताना ती आता त्या कपाटात ठेवत नाही.